झाडावे की झाकावे?

प्रश्न दिसायला लहान आहे. घराच्या मागे चार वाफे आहेत. त्यांत वांगी, टोमॅटो, भेंडी, थोडा सांबार आणि कुंपणावर चवळीचा वेल. फाल्गुन लागला की कडुनिंबाची पाने झडू लागतात आणि वाफ्यांवर पिवळा थर साचतो. ही पाने झाडून वाफा स्वच्छ करावा, की तशीच राहू देऊन, वर आणखी थोडा पाला घालून माती झाकावी? कोणी म्हणेल, हा माळ्याचा प्रश्न. बुवांचा येथे काय संबंध? परंतु कीर्तन आटोपल्यावर एका बाईंनी तो आम्हांस विचारला, आणि शेतकीचा म्हणून विचारला नाही. त्या म्हणाल्या, "महाराज, सासूबाईंनी शिकवलं, घराभोवती पान पडू देऊ नये, लक्ष्मी राहत नाही. आता मुलगा म्हणतो, आई, पान उचलू नको, माती झाकून ठेव. ऐकायचं कुणाचं? धर्म कशात आहे?" प्रश्न धर्माचा म्हणून आला, तेव्हा त्याचा विचारही त्याच अंगाने केला पाहिजे.

प्रथम पूर्वपक्ष मांडू, आणि तो दुबळा करून मांडू नये. झाडणे हा सद्गुण आहे, याविषयी आपल्या विदर्भात तरी कोणास शंका नसावी. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवीपर्यंत हाती खराटा घेऊन गावोगाव हिंडले. दिवसा गाव झाडायचा आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हा त्यांचा नेम. त्यांनी खराट्यास उपासनेची योग्यता आणून दिली. मग जो म्हणतो की "पाने पडू द्या, ती मातीला हितकर आहेत", त्याला कोणी विचारले की बाबा रे, हा तुझा विचार आहे की आळस, तर त्यात विचारणाऱ्याची चूक नाही. आळसाला तत्त्वज्ञानाची शाल पांघरणारे लोक जगात थोडे नाहीत.

आता उत्तरपक्ष. गाडगेबाबांनी झाडले ते काय? रस्त्यावरची घाण, तुंबलेली गटारे, देवळापुढचा उकिरडा. ज्याच्यामुळे माणसे आजारी पडतात तो केर. केर म्हणजे काय, याचे लक्षण करावयाचे झाले तर असे करावे लागेल की जी वस्तू आपले स्थान सोडून भलतीकडे पडली तो केर. केस डोक्यावर आहे तोवर भूषण. ताटात पडला की अमंगळ. केसाचा गुण बदलला नाही, स्थान बदलले. तसेच पान. नालीत अडकले तर पावसाळ्यात पाणी तुंबवील, तेव्हा तेथून ते काढलेच पाहिजे. ओसरीवर पडले तर झाडलेच पाहिजे. पण झाडाखालच्या मातीवर पडलेले पान कोठे आले? आपल्या घरी आले. ज्या मातीतून त्याने घेतले तिला द्यावयास आले. मीमांसक म्हणतात, दोन विधींचा विषय भिन्न असला तर त्यांच्यात विरोध नाही. झाडण्याचा विधी अंगणासाठी आणि झाकण्याचा विधी वाफ्यासाठी असे म्हटले की सासूबाईंचेही राहते आणि मुलाचेही राहते.

वारकऱ्यांस हे निराळे सांगावयास नको. पळसाच्या पानांची पत्रावळ जेवण झाल्यावर खड्ड्यात टाकली की थोड्याच काळात तिची माती होते. मध्यंतरी तिची जागा थर्मोकोलच्या ताटलीने घेतली, आणि ती जेथे पडे तेथेच वर्षानुवर्षे राही. महाराष्ट्र शासनाने २०१८ साली तिच्यावर बंदी घातली. दोन्ही ताटल्यांनी पोटाची सेवा सारखीच केली. फरक जेवणानंतरचा आहे.

परंतु एवढ्याने भागत नाही. पान मातीवर राहिले तर चालते, हे सिद्ध झाले; राहावेच का, हे अजून सिद्ध व्हावयाचे आहे. त्यासाठी उघड्या मातीचे काय होते ते पहा. आमच्या नागपूरचा उन्हाळा सर्वांस ठाऊक आहे. २०१३ च्या मे महिन्यात येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हा आकडा सावलीतल्या हवेचा. उघड्या उन्हात काळी माती याहून कितीतरी अधिक तापते. आपली काळी जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. आक्रसताना तिला भेगा पडतात, बारीक मुळे तुटतात, आणि त्या भेगांतून खालची ओलही उडून जाते. गांडुळे खोल जातात किंवा मरतात. पुढे मृगाचा पाऊस येतो. वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडावयाचा, तो दणक्याने पडतो. उघड्या ढेकळावर थेंब आदळला की मातीचे कण फुटतात, वरची छिद्रे बुजतात, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते आणि जाताना वरची कसदार माती घेऊन जाते. ही माती इंचभर तयार व्हावयास शेकडो वर्षे लागतात. जावयास एक पावसाळा पुरतो. देशाच्या मातीचे सर्वेक्षण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. त्या शहराने तरी माती म्हणजे पायाखालची धूळ असे समजू नये.

आता झाकलेल्या मातीचे पहा. पाल्याच्या थरावर ऊन थांबते, ओल टिकते. थेंब पानावर आदळतो आणि हळूच खाली झिरपतो. तणाच्या बारीक बियांना उजेड मिळत नाही, म्हणून त्या सहसा उगवत नाहीत. खाली गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव पाल्याचे खाद्य करतात आणि त्याची माती बनवितात. इंग्लंडातील डार्विन नावाच्या शास्त्रज्ञाने आयुष्याच्या शेवटी, १८८१ साली, गांडुळांवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. माणसाचा नांगर येण्यापूर्वी कितीतरी काळ गांडुळे जमीन नांगरीत होती, असे त्याने दाखविले.

आणि एक मौज बघा. कडुनिंब, साग, पिंपळ हे पाने टाकतात केव्हा? शिशिराच्या अखेरीस, उन्हाळ्याच्या तोंडावर. नेमकी जेव्हा मातीला पांघरुणाची गरज, तेव्हा पांघरूण वरून येते. झाड पान टाकते ते स्वतःचे पाणी वाचविण्यासाठी, हे खरे. ते मातीवर उपकार करावयास निघालेले नाही. परंतु त्याच्या स्वार्थातच परार्थ असा मिसळला आहे की वेगळा काढता येत नाही. रामटेकच्या डोंगरावर, पेंचच्या रानात कोणी झाडत नाही, कोणी खत घालीत नाही, तरी रान उभे आहे. आपण मात्र फाल्गुनात पाने गोळा करून जाळतो आणि चैत्रात त्याच वाफ्याला दोन वेळा पाणी घालून दमतो.

आता थोडे शास्त्राकडे वळू. धर्मशास्त्राने गृहस्थाच्या घरात पाच सूना, म्हणजे नकळत हिंसा घडण्याची पाच ठिकाणे, सांगितली आहेत: चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. केरसुणी त्या यादीत आहे, हे ध्यानात घ्या. म्हणून झाडूच नका असे शास्त्र म्हणत नाही. घर चालवायचे तर झाडावे लागणारच. त्या दोषाच्या निवारणासाठी रोज पंचमहायज्ञ सांगितले, आणि त्यांतला एक भूतयज्ञ, म्हणजे प्राणिमात्रांचा वाटा प्राणिमात्रांस देणे. यातून एवढा अर्थ निघतो की हिंसा जेथे अपरिहार्य तेथे ती करावी लागते, तिचे प्रायश्चित्तही आहे. पण जेथे तिची गरजच नाही तेथे ती करण्यास शास्त्राचा आधार नाही. वाफा खरवडून लख्ख करणे या दुसऱ्या प्रकारात मोडते. पाला राहू दिला तर तोच त्या वाफ्यातला भूतयज्ञ होय. त्याला वेगळा बळी नको, वेगळा मंत्र नको.

येथे मूळ प्रश्न येतो. अमरकोशात पृथ्वीला पुष्कळ नावे आहेत. त्यांत एक 'सर्वंसहा', सर्व सहन करणारी, आणि एक 'क्षमा'. पाठशाळेत ही नावे घोकताना कोणालाही ती स्तुतिपर वाटतात, आणि आहेतही. पण त्यांचा उपयोग आपण कसा करतो? ती सहन करते, म्हणून तिच्यावर लादावे. ती मागत नाही, म्हणून तिला काही लागत नाही. अहो, घरोघर हेच चालते! जी माउली सर्वांना वाढून शेवटी जेवते, भांड्यात काय उरले आहे ते कोणाला सांगत नाही, तिला भूकच नसते असे घरातली माणसे धरून चालतात. तिची क्षमा हा तिचा गुण आहे. तो आपला हक्क कसा झाला? जो तक्रार करतो त्याचे देणे आपण भीतीने देतो. जो तक्रारच करीत नाही त्याचे देणे दिले तरच ते धर्माने दिले असे म्हणता येईल. मातीची गोष्ट या कसोटीची आहे.

आणि सर्वंसहेच्या सहनशीलतेलाही मर्यादा आहे. अमेरिकेतील विस्तीर्ण मैदानांवर खोल मुळांचे गवत होते. ते नांगरून लोकांनी गहू पेरला. १९३० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला, पीक वाळले, आणि माती धरून ठेवायला वर काहीच उरले नाही. १९३४ च्या मे महिन्यात त्या मातीची धूळ वाऱ्याने शेकडो कोस उडून न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली. असंख्य कुटुंबांना गाव सोडावे लागले. १९३५ साली तेथे मृदासंधारणाचा कायदा झाला. त्या लोकांनी काही निराळे पाप केले नव्हते. जमीन उघडी ठेवली होती, एवढेच.

यावर एक सूक्ष्म शंका येते, आणि ती टाळू नये. झाकावयाचे खरे, पण कशाने? आपल्याकडे धानाच्या पट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे, तणीस होते, इकडे तुरीचे, सोयाबीनचे कुटार होते, पऱ्हाट्या असतात. कुटार आणि तणीस हा गुरांचा चारा आहे. पऱ्हाटी हे पुष्कळ गरिबांच्या चुलीचे सरपण आहे. ज्या वर्षी चारा कमी, त्या वर्षी हौशी बागेसाठी तणीस विकत आणणे म्हणजे गाईच्या तोंडचा घास काढून वाफ्याला घालणे. शिवाय एका शेतातला काडीकचरा उचलून आपली परसबाग झाकली तर ती शेतजमीन उघडी पडते. एकीचे पातळ ओढून दुसरीला नेसविल्यासारखे ते होते. आधी भूक, मग चूल, मग माती, हा क्रम कोणीही मान्य करील. पण या क्रमात मातीचा नंबर शेवटचा लागतो, आणि शेवटच्याला नेहमी काही उरत नाही, ही त्यातली अडचण.

याचे समाधान शहराने करावयाचे आहे. कडुनिंबाचे वाळलेले पान गाय सहसा खात नाही, त्यावर कोणाची चूल चालत नाही. आंबा, बदाम, पिंपळ यांचा पाचोळाही तसाच. नागपुरात झाडे पुष्कळ, तेव्हा ही संपत्ती उदंड. आणि तीच आपण कोपऱ्यात पेटवून शेजाऱ्याच्या दम्याला निमंत्रण देतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा जाळण्यास मनाई केली. परंतु धूर दुसऱ्याच्या छातीत जातो हे कळायला नियम कशाला हवा? जे कोणाच्या मुखीचे नाही, कोणाच्या चुलीचे नाही, ते मातीला द्यावे. यात कोणाचा वाटा मारला जात नाही.

दुसरी शंका तत्त्वाची. "महाराज, झाकणे हे कपटाचे लक्षण नव्हे काय? तुम्ही तर अंतर्बाह्य एक असावे म्हणून सांगता." शंका मोलाची आहे. तिचे उत्तर वाफ्यातच शोधू. जाणता माळी सरसकट झाकीत नाही. रोगट पान तो आधी उचलून दूर नेतो. लव्हाळा आणि हरळी तो खणून काढतो, कारण लव्हाळ्याच्या गाठीवर कितीही पाला घाला, तो भेदून वर येतो. झाकायचे ते मातीचे अंग. झाकायचा नाही तो रोग. माणसाच्या व्यवहारात हेच धरावे. एखाद्याचे दारिद्र्य, त्याची जुनी चूक, त्याच्या घरचे दुःख चारचौघांत उघडे पडत असेल तर त्यावर पांघरूण घालावे. त्या सावलीत तो सावरतो. पण ज्या दोषाने दुसऱ्याचे नुकसान चालू आहे, मुलगा चोरी करतो आहे, नवरा मारतो आहे, तो दोष 'घरची अब्रू' म्हणून झाकणे म्हणजे लव्हाळ्यावर पाला घालणे होय. तेथे खुरपेच हवे.

अरणच्या सावता माळीबुवांची आख्यायिका आपणां सर्वांस ठाऊक आहे. पांडुरंग त्यांच्या मळ्यात आले आणि "मला लपव" म्हणाले. बुवांनी जागा शोधली नाही; आपले उदर चिरून देव आत ठेवला. शके १२१७ मध्ये त्यांनी देह ठेवला, आणि आजही पांडुरंगाची पालखी अरणास जाते. आम्ही या कथेचा एवढाच अर्थ येथे घेतो की झाकणाऱ्याने स्वतःचे काही खर्च केले. पानाचे आच्छादन असेच आहे. ते पाणी आत जाऊ देते, वारा आत जाऊ देते, आणि झाकता झाकता स्वतः झिजून माती होते. याच्या उलट शेतात अलीकडे काळे-रुपेरी प्लास्टिक अंथरतात. मिरची, टरबूज लावणारा शेतकरी ठिबकाबरोबर ते वापरतो, त्याचे पाणी वाचते, खुरपणी वाचते; त्याच्या गरजेला आम्ही नावे ठेवीत नाही. पण ते झिजून माती होत नाही, त्याच्या चिंध्या होऊन मातीत राहतात, आणि वेचून नेण्याचे काम मागे उरते. चार वाफ्यांच्या बागेला त्याचे काही कारण नाही.

हे नवे खूळ आहे असेही कोणी समजू नये. जपानातील फुकुओका (१९१३–२००८) यांनी भाताचा पेंढा शेतातच पसरून वर्षानुवर्षे शेती केली. आपल्या अमरावतीकडचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली, त्यांच्या पद्धतीत आच्छादन हे एक मुख्य अंग आहे. त्यांच्या काही दाव्यांविषयी कृषिशास्त्रज्ञांत मतभेद आहेत, परंतु माती झाकल्याने ओल टिकते याविषयी फारसा वाद नाही.

आता कृती थोडक्यात सांगतो. नुसते तत्त्व ऐकून वाफा भिजत नाही. आधी तण काढावे. मग पाणी द्यावे, कारण कोरडी माती झाकली तर कोरडीच झाकली जाते. नंतर वाळलेला पाला तीन-चार बोटे जाड पसरावा; सागाची, बदामाची मोठी पाने चुरून घालावी, नाहीतर ती एकमेकांवर चिकटून पाणी अडवतात. रोपाच्या खोडाभोवती दोन-तीन बोटे जागा मोकळी सोडावी. खोडाला पाला टेकला की ते कुजते. प्रेमाने केलेले झाकणेसुद्धा गळ्याशी आले तर गुदमरवते. सांबार, पालक यांचे बी पेरले असेल तर रोप चार बोटे वर येईतो थांबावे. बी धरलेले गवत घालू नये. लाकडाचा भुसा मातीत मिसळू नये. तो कुजताना काही काळ मातीतला नत्र ओढून घेतो आणि रोपे पिवळी पडतात. वाळवी दिसली तर थर हलवून पातळ करावा. पावसाळ्यात काळ्या मातीत पाणी साचते, तेव्हा पाला कमी ठेवावा. आणि पाल्यात हात घालण्यापूर्वी काठीने हलवून पहावे. विंचवालाही सावली आवडते.

एवंच, झाडणे आणि झाकणे हे दोन्ही एकाच विवेकाचे हात आहेत. घर, अंगण, रस्ता, नाली येथे खराटा चालवावा, आणि कोणी पाहत नसले तरी चालवावा. मातीवर मात्र तो टेकवू नये. अंगणातली पाने झाडून वाफ्यात नेऊन टाकली की दोन्ही कामे एका फेरीत होतात. ज्यांच्या दारी वाफा नाही त्यांनी निदान झाडाच्या बुंध्याशी पाचोळा राहू द्यावा आणि काडी लावू नये. येत्या फाल्गुनात पाने पडतील, तेव्हा एवढे करून पहावे.